ग्राफ डेटाबेसमधील मार्ग-क्वेरी वेगवान कशा कराव्यात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्राफ डेटाबेस, म्हणजे नोड (व्यक्ती, वस्तू, खाती) आणि त्यांच्यामधील संबंध साठवणारा डेटाबेस, वापरायला घेतल्यावर ज्यांची एखादी क्वेरी काही सेकंदांवरून काही मिनिटांवर जाऊन बसली आहे, त्यांच्यासाठी ही उत्तरे आहेत. बहुतेक उदाहरणे निओफोरजे (Neo4j) हा ग्राफ डेटाबेस आणि त्याची सायफर ही क्वेरीभाषा डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. मात्र कामाचा हिशोब कोणत्याही ग्राफ डेटाबेसमध्ये जवळपास हाच राहतो. पुढे 'जोडणी' हा शब्द दोन नोडांमधील रिलेशनशिपसाठी आणि 'टप्पा' हा शब्द एक जोडणी ओलांडण्यासाठी वापरला आहे.

मार्ग-क्वेरी म्हणजे नक्की कोणती क्वेरी?

एका नोडपासून दुसऱ्या नोडपर्यंत जोडण्यांवरून जाता येते का, किती टप्प्यांत जाता येते आणि वाटेत कोणते नोड लागतात, यांपैकी काहीही विचारणारी क्वेरी म्हणजे मार्ग-क्वेरी. 'या ग्राहकाने कोणत्या वस्तू घेतल्या' ही क्वेरी एका टप्प्याची असते आणि तिचा खर्च त्या ग्राहकाच्या जोडण्यांच्या संख्येपुरता मर्यादित राहतो. 'या खात्यातून निघालेले पैसे कोणत्याही वाटेने त्या खात्यात पोहोचले का' असे विचारताना मात्र टप्पे किती, हे विचारणाऱ्यालाच ठाऊक नसते, आणि अडचण तिथूनच सुरू होते.

चार टप्प्यांपर्यंत उत्तर लगेच येते आणि सहा टप्पे दिले की क्वेरी अडकते. मोठा सर्व्हर घ्यावा का?

बहुधा त्याचा उपयोग होणार नाही. प्रत्येक नोडला पुढे जाणाऱ्या २० जोडण्या आहेत असे धरले, तर चौथ्या टप्प्यावर १,६०,००० वाटा तयार होतात आणि सहाव्या टप्प्यावर ६,४०,००,०००. दुप्पट वेगाचे यंत्र घेतले तरी या हिशोबात एक पूर्ण टप्पासुद्धा पदरात पडत नाही, कारण पुढचा प्रत्येक टप्पा वीसपट काम मागतो.

प्रत्यक्ष डेटा तर याहून निर्दय असतो. फेसबुकच्या ७२.१ कोटी वापरकर्त्यांच्या जाळ्याचा २०११ मध्ये अभ्यास झाला, तेव्हा कोणत्याही दोन व्यक्तींमधील सरासरी अंतर ४.७४ इतके भरले. याचा अर्थ असा की माणसांच्या जाळ्यात 'सहा टप्प्यांपर्यंत' असे लिहिणे म्हणजे जवळपास संपूर्ण डेटाबेस मागण्यासारखेच आहे. टप्प्यांची वरची मर्यादा न लिहिता सोडलेली क्वेरी चाचणीच्या छोट्या डेटावर निमूट चालते आणि खऱ्या डेटावर परत येत नाही, हा अनुभव प्रत्येकाला एकदा तरी येतोच.

पण आमचा ग्राफ तर लहान आहे. काही हजार नोड असतानाही क्वेरी का थांबते?

कारण काम नोडांच्या संख्येवर नव्हे, तर मार्गांच्या संख्येवर ठरते, आणि या दोन संख्यांचा एकमेकींशी संबंध असलाच पाहिजे असे नाही. शंकरपाळ्यांची एक माळ कल्पून पाहावी: पहिल्या टोकापासून वरच्या किंवा खालच्या कोपऱ्यातून दुसऱ्या टोकाला जायचे, तिथे पुढची शंकरपाळी जोडलेली, तिच्यातही दोनच वाटा. अशा २० शंकरपाळ्यांत नोड ६१ आणि जोडण्या ८० असतात, पण या टोकापासून त्या टोकापर्यंतचे मार्ग १०,४८,५७६ होतात. शंकरपाळ्या ३० केल्या तर नोड फक्त ९१ होतात आणि मार्ग मात्र १०७ कोटींच्या वर जातात. हा सगळा ग्राफ एका कागदावर काढता येतो, आणि तरीही 'सर्व मार्ग द्या' असे म्हटले की कोणताही डेटाबेस हात टेकतो.

ही आकृती केवळ पुस्तकी आहे असे समजू नये. गाडीच्या सुट्या भागांची यादी, सॉफ्टवेअर पॅकेजांचे परस्परावलंबन, कंपन्यांची एकमेकींतील मालकी या सर्वांत एकच भाग दोन वाटांनी वर जोडला जातो, आणि अशा शंकरपाळ्या आपोआप तयार होतात.

मग विचारायचे तरी काय?

जे हवे आहे नेमके तेवढेच. हे सांगायला सोपे वाटते, परंतु आमच्या पाहण्यातील संथ क्वेरींपैकी बऱ्याच क्वेरींमध्ये लिहिणाऱ्याला 'पोहोचता येते का' एवढेच हवे असते आणि त्याने नकळत 'सर्व मार्ग मोजून दाखवा' असे लिहिलेले असते. पोहोचता येते का हे पाहताना एकदा भेटलेला नोड पुन्हा उघडण्याची गरज नसते, त्यामुळे काम नोड आणि जोडण्या यांच्या बेरजेइतकेच राहते. वरच्या ३० शंकरपाळ्यांसाठी हा आकडा अवघा २११ येतो.

मानके ठरवणारी मंडळीही या खड्ड्यात पडता पडता वाचली आहेत. स्पार्कल १.१ या ग्राफ-क्वेरीभाषेच्या मानकाच्या मसुद्यात 'शून्य किंवा अधिक टप्पे' या मागणीचे उत्तर मार्ग मोजून द्यावे असे ठरले होते. अगदी लहान डेटावरही या व्याख्येमुळे उत्तर देणे अशक्य होते, हे २०१२ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले. त्यानंतर व्याख्या बदलली आणि मार्च २०१३ मध्ये अंतिम झालेल्या मानकात अशा मागणीसाठी केवळ मार्ग आहे की नाही एवढेच पाहिले जाते.

सायफरमध्ये हाच परिणाम साधण्यासाठी मार्गाला नाव देऊ नये, शेवटचे नोड 'डिस्टिंक्ट' (पुनरावृत्ती गाळा) लावून मागावेत आणि टप्प्यांना वरची मर्यादा द्यावी. मार्ग पुढे कुठेही वापरलेला नाही हे प्लॅनरच्या (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाच्या) लक्षात आले की तो भेटलेले नोड गाळत जाणारी पद्धत निवडतो, आणि प्लॅनमध्ये 'प्रूनिंग' हा शब्द दिसू लागतो. परत पाठवण्याच्या ओळीत सहज म्हणून मार्गाची लांबी मागितली, तर ही सवलत जाऊ शकते. त्यामुळे ती ओळ निरागस समजू नये.

आम्हाला एकूण नग हवे आहेत, म्हणजे सर्व मार्ग लागणारच ना?

लागत नाहीत. एका गाडीत ठरावीक मापाचे बोल्ट एकूण किती लागतात, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक मार्गावरील संख्यांचा गुणाकार करून त्यांची बेरीज केल्याने मिळते हे खरे आहे, आणि बहुतेक जण क्वेरीही तशीच लिहितात. मात्र सुट्या भागांच्या यादीत चक्र नसते. त्यामुळे सर्वांत वरच्या भागापासून खालच्या भागांपर्यंत नोड क्रमाने घेता येतात आणि प्रत्येक नोडवर 'आतापर्यंत एकूण किती नग' ही एकच संख्या साठवत पुढे जाता येते. त्यामुळे प्रत्येक जोडणी एकदाच ओलांडली जाते. हे काम एका सायफर क्वेरीत बसवण्याचा अट्टाहास करू नये. अनुप्रयोगाच्या कोडमध्ये ते वीस-पंचवीस ओळींत होते आणि नंतर आलेल्या माणसाला वाचताही येते.

संथ क्वेरी हातात आली की आधी काय पाहावे?

क्वेरीच्या आधी 'प्रोफाइल' लिहून ती चालवावी. ती परतच येत नसेल तर 'एक्सप्लेन' लिहून फक्त प्लॅन पाहावा, कारण त्यात क्वेरी प्रत्यक्ष चालत नाही. निओफोरजेचा प्लॅन खालून वर वाचायचा असतो. सर्वांत खालच्या ओळीत सुरुवातीचा नोड कसा सापडला हे दिसते. तिथे इंडेक्स सीक (इंडेक्सवरून थेट शोध) असेल तर ठीक. लेबल स्कॅन (एका प्रकारचे सर्व नोड वाचणे) किंवा सर्व नोडांचे स्कॅन दिसले, तर मार्गांची चर्चा नंतर करावी आणि आधी इंडेक्स तयार करावा. इंडेक्सचा मुख्य उपयोग वाटेचे टोक शोधण्यासाठी होतो. वाट चालताना डेटाबेस नोडाला चिकटलेल्या जोडण्याच वाचत जातो. त्यामुळे मधल्या नोडांच्या प्रत्येक गुणधर्मावर इंडेक्स लावून ठेवल्याने लिहिण्याचा वेग तेवढा कमी होतो.

त्यानंतर ओळींची संख्या एका पायरीवरून पुढच्या पायरीवर कुठे उसळते ते पाहावे. काही शे ओळींवरून एकदम काही लाखांवर गेलेली जी पायरी दिसेल, तिथेच दुखणे असते.

मराठी नावांवर शोध घेणाऱ्यांसाठी एक आडवळणाची सूचना द्यावीशी वाटते. 'दऱ्या' किंवा 'वाऱ्यावर' यांसारख्या शब्दांत येणारा अर्धा 'ऱ' युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकता येतो; तो दिसायला सारखाच असतो, पण इंडेक्सच्या दृष्टीने ती दोन वेगळी अक्षररूपे असतात. नेमकी जुळणी सापडत नाही म्हणून कोणीतरी क्वेरीत 'अमुक अक्षरे असलेले' अशी अट टाकतो किंवा नावाभोवती फंक्शन गुंडाळतो. मग साधा इंडेक्स बाजूला पडतो आणि सगळे नोड तपासले जातात. डेटा भरतानाच अक्षरे एकरूप करून घेणे हाच यावर उपाय आहे.

सर्वांत लहान मार्ग शोधणारे तयार फंक्शन वापरूनही वेळ का लागतो?

हे फंक्शन दोन्ही टोकांकडून एकाच वेळी शोध घेते, आणि त्याची सगळी ताकद त्यातच आहे. प्रत्येक नोडला २० जोडण्या असताना सहा टप्प्यांसाठी एका बाजूने ६.४ कोटी वाटा होतात. दोन्ही बाजूंनी तीन-तीन टप्पे चालले तर साधारण १६,००० वाटांत भेट होते. मात्र हा डाव तीन ठिकाणी फसतो.

पहिले ठिकाण म्हणजे अट. 'प्रत्येक जोडणी चालू स्थितीत असावी' ही अट चालता चालता तपासता येते. पण मार्ग पूर्ण झाल्याशिवाय तपासताच येत नाही अशी अट घातली, उदाहरणार्थ 'मार्गाची एकूण रक्कम अमुक असावी', तर पहिला सापडलेला लहान मार्ग नापास होऊ शकतो आणि डेटाबेस सर्व मार्ग धुंडाळणाऱ्या संथ पद्धतीकडे वळतो. निओफोरजेमध्ये ही संथ पद्धत बंद ठेवण्याची सेटिंग उपलब्ध आहे. ती लावली की क्वेरी लटकत राहण्याऐवजी त्रुटी देते, आणि माझ्या मते ते अधिक प्रामाणिक आहे.

दुसरे ठिकाण म्हणजे मार्गच नसणे. दोन नोड एकमेकांशी जोडलेलेच नसतील, तर 'नाही' हे उत्तर देण्यासाठी किमान एका टोकाचे संपूर्ण बेट पालथे घालावे लागते, आणि ते बेट लाखो नोडांचे असू शकते. यावर एक स्वस्त उपाय आहे. ग्राफचे जोडलेले घटक, म्हणजे अशी बेटे, रात्री एकदा मोजून प्रत्येक नोडवर त्याच्या घटकाचा क्रमांक लिहून ठेवावा. क्रमांक वेगळे असले की शोध सुरूच करू नये. दिवसभरात नव्या जोडण्या येत असतील, तर त्या दोन घटकांना जोडतात का हे लिहितानाच तपासावे लागते, एवढे पथ्य पाळावे.

तिसऱ्या ठिकाणासाठी पुढचा प्रश्न पाहावा.

सुपरनोड म्हणजे काय, आणि त्यांचे काय करावे?

इतर नोडांना दहा-वीस जोडण्या असताना ज्याला हजारो किंवा लाखो जोडण्या आहेत, तो सुपरनोड. आमच्या एका कामात ग्राहकांच्या पत्त्यांसाठी गाव, तालुका, जिल्हा आणि राज्य असे नोड केले होते. रचना देखणी होती. मग दोन संशयास्पद खात्यांमधील लहानात लहान मार्ग विचारला, तेव्हा बराच वेळ घेऊन आलेले उत्तर असे होते की सोलापूरचा हा ग्राहक आणि गडचिरोलीचा तो ग्राहक, दोघेही 'महाराष्ट्र' या नोडला जोडलेले आहेत. क्वेरी संथ होती ती होतीच, पण उत्तरही निरर्थक होते. सुपरनोडबाबत या दोन तक्रारी सहसा जोडीनेच येतात.

ज्या नोडातून गेलेला मार्ग विचारणाऱ्याला काहीच सांगत नाही, तो नोड मार्गात नसावा. राज्य, लिंग, चलन, 'सक्रिय' अशी स्थिती यांना नोड न करता गुणधर्म करावे. नोड ठेवणे आवश्यकच असेल, तर त्याच्याकडे जाणाऱ्या जोडणीला वेगळा प्रकार द्यावा आणि मार्ग-क्वेरीत चालण्यायोग्य प्रकार नावानिशी लिहावेत. जोडणीचा प्रकार न लिहिलेली मार्ग-क्वेरी तपासणीत परत पाठवावी, असा नियम आम्ही तेव्हापासून केला आहे. निओफोरजेच्या पारंपरिक साठवणीत एखाद्या नोडच्या जोडण्या ठरावीक संख्येपलीकडे, मूळ सेटिंगनुसार ५० च्या पुढे, गेल्या की त्या प्रकार व दिशेनुसार गटांत ठेवल्या जातात. त्यामुळे प्रकार आणि दिशा लिहिली असेल तर नको असलेले गट न वाचताच ओलांडले जातात.

दिशेचेही तसेच आहे. गाडीपासून खाली बोल्टपर्यंत येणे आणि बोल्टपासून वर गाडीपर्यंत जाणे, हा मार्ग तोच असला तरी खर्च एक नसतो. एक बोल्ट शेकडो भागांत लागतो, तर एका भागात मोजकेच घटक असतात. दोन्ही टोके ठाऊक असतील तर कमी फांद्या फुटणाऱ्या टोकाकडून निघावे.

तारखा चढत्या क्रमाने हव्यात, अशी लागोपाठच्या टप्प्यांना जोडणारी अट कशी वेगवान करावी?

पैशांचा माग काढताना ही अट नेहमी लागते, कारण आज आलेले पैसे काल पुढे जाऊ शकत नाहीत. अट शेवटी लिहिली तर आधी सर्व मार्ग बांधले जातात आणि मग त्यांतील बहुतेक फेकले जातात. रचना बदलण्याची मुभा असेल तर खात्यांऐवजी व्यवहारांना नोड करावे, आणि एका व्यवहारातून पैसे मिळालेल्या खात्याने नंतर केलेल्या व्यवहारांकडे 'पुढचा' अशी जोडणी टाकावी. हवी असल्यास 'सात दिवसांच्या आत' ही मर्यादाही त्याच वेळी लावावी. मग तारखेची अट क्वेरीत लिहावीच लागत नाही. ती रचनेतच मुरलेली असते. जोडण्यांची संख्या वाढते, पण चुकीच्या वाटा जन्मालाच येत नाहीत.

कमी टप्प्यांचा नव्हे, कमी वेळाचा मार्ग हवा असेल तर?

तेव्हा टप्पे मोजणारा शोध उपयोगाचा नाही. वजन, म्हणजे प्रत्येक जोडणीला लागणारा वेळ किंवा खर्च, लक्षात घेणारा शोध हवा. बोरिवलीहून ठाण्याला जाणाऱ्याचे उदाहरण घेऊ. दादरला उतरून मध्य रेल्वे पकडता येते, किंवा अंधेरीला उतरून २०१४ पासून धावणाऱ्या मेट्रोने घाटकोपर गाठून तिथून पुढे जाता येते. कोणता मार्ग चांगला हे स्थानकांच्या संख्येवरून कळत नाही. शिवाय दादर हा एकच नोड ठेवला तर गाडी बदलणे फुकट ठरते, आणि सायंकाळी तो पूल ओलांडलेल्या कोणालाही हे पटणार नाही. म्हणून पश्चिम रेल्वेचे दादर आणि मध्य रेल्वेचे दादर असे दोन नोड करून त्यांच्यामध्ये पूल ओलांडण्याच्या मिनिटांची जोडणी टाकावी.

वजन ऋण नसेल तर १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेला डायक्स्ट्राचा अल्गोरिदम अचूक उत्तर देतो, पण तो चहूकडे पसरत जातो. १९६८ मधील ए-स्टार अल्गोरिदम उरलेल्या अंतराचा अंदाज घेऊन लक्ष्याच्या दिशेने झुकतो. मात्र हा अंदाज खऱ्या खर्चापेक्षा कधीही जास्त असता कामा नये. सरळ रेषेतील अंतराला सर्वाधिक वेगाने भागून मिळालेला वेळ या कसोटीला उतरतो. वजन भाड्याच्या रुपयांत असेल तर नकाशावरील अंतर तसेच्या तसे वापरू नये. देशभराच्या रस्त्यांसाठी मात्र एवढ्याने भागत नाही. तिथे कार्ल्सरूहे येथे २००८ मध्ये मांडलेल्या पद्धतीप्रमाणे, कमी महत्त्वाचे नोड क्रमाने बाजूला करून त्यांच्या जागी आखूड वाटा आधीच टाकून ठेवतात. हे काम सर्वसाधारण ग्राफ डेटाबेसचे नव्हे. त्यासाठी वेगळे मार्ग-इंजिन चालवणे इष्ट.

उत्तरे आधीच मोजून ठेवता येतील का?

येतील, मात्र सर्व जोड्यांची उत्तरे साठवू नयेत, कारण एक लाख नोडांच्या जोड्या १,००० कोटी होतात. त्याऐवजी प्रत्येक नोडला काही मोजक्या मध्यवर्ती नोडांची अंतरे लेबलासारखी चिकटवतात आणि दोन नोडांची लेबले ताडून उत्तर काढतात. वाचन फार आणि बदल थोडे असतील तिथे ही पद्धत उत्तम चालते; जोडण्या दर मिनिटाला बदलत असतील, तर लेबले सांभाळण्यातच दिवस जातो. एकदिशा जोडण्यांच्या ग्राफमध्ये जे नोड एकमेकांपर्यंत दोन्ही दिशांनी पोहोचतात, त्यांचा एकच नोड करून टाकला की उरलेला ग्राफ चक्ररहित आणि अनेकदा बराच लहान होतो. टार्जन यांच्या १९७२ मधील अल्गोरिदमने हे गट एका फेरीत सापडतात.

रचना निव्वळ झाडासारखी असेल, म्हणजे प्रत्येकाला वर एकच पालक असेल, तर एवढा खटाटोपही नको. मुळापासूनची वाट प्रत्येक नोडवर मजकूर म्हणून लिहून ठेवली की 'याच्याखालचे सर्व' हा प्रश्न सुरुवातीच्या अक्षरांवरील साध्या शोधाने सुटतो.

आमचा डेटा पोस्टग्रेस या तक्त्यांच्या डेटाबेसमध्ये आहे. ग्राफ डेटाबेसकडे जावेच लागेल का?

तीन-चार टप्प्यांच्या आणि फांद्या कमी असलेल्या प्रश्नांसाठी मुळीच नाही. पोस्टग्रेसमध्ये २००९ मधील ८.४ या आवृत्तीपासून रिकर्सिव्ह (स्वतःच्याच निकालावर पुन्हा चालणारी) क्वेरी लिहिता येते. त्यात 'युनियन ऑल'ऐवजी 'युनियन' लिहिले की एकदा आलेली ओळ पुन्हा घेतली जात नाही, आणि चक्रातही क्वेरी थांबते. इथे एक फसगत ठरलेली आहे: त्याच ओळीत टप्प्याचा क्रमांक किंवा आतापर्यंतचा मार्ग ठेवला, की त्याच नोडची प्रत्येक भेट वेगळी ओळ ठरते आणि गाळणी निकामी होते. दोन्ही टोकांकडून शोध घेणे तिथे हाताने लिहावे लागते. ते लिहिण्याची वेळ वारंवार येऊ लागली, की ग्राफ डेटाबेसचा विचार करावा.

जीक्यूएल या ग्राफ-क्वेरीभाषेच्या नव्या मानकाने वेगात काही फरक पडतो का?

एप्रिल २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या मानकामुळे मार्गाचा प्रकार शब्दांत सांगण्याची सोय झाली आहे. नोड आणि जोडण्या कितीही वेळा येऊ द्याव्यात, जोडणी एकदाच यावी, की नोडही एकदाच यावा, हे वेगवेगळ्या शब्दांनी सांगता येते. तसेच कोणताही एक सर्वांत लहान मार्ग हवा की तितक्याच लांबीचे सर्व हवेत, हेही सांगता येते. वेग आपोआप वाढत नाही. 'नोड एकदाच यावा' ही अट जोडण्यांच्या क्रमाच्या अटीसोबत घातली, तर सर्वसाधारण ग्राफमध्ये ती तपासणे फार महाग ठरू शकते, म्हणून खरोखर गरज असेल तरच ती घालावी. फक्त एक लहान मार्ग पुरणार असेल, तर तसे लिहावे.

सुधारणा झाली की नाही हे कसे मोजावे?

पहिली धाव मोजू नये, कारण तेव्हा डेटा डिस्कवरून मेमरीत येत असतो. ग्राफच्या फाइली पेज कॅशेत (त्यांच्यासाठी राखलेल्या मेमरीत) मावत नसतील, तर प्रत्येक धाव पहिलीच ठरते आणि तिथे मात्र रॅम वाढवण्याचा खर्च सार्थकी लागतो. मोजणीसाठी नोडांच्या जोड्या आपल्या सोयीने निवडू नयेत. जवळच्या जोड्या, दूरच्या जोड्या, सुपरनोडाशेजारच्या जोड्या आणि मुळीच न जोडलेल्या जोड्या अशा चारही तऱ्हा घ्याव्यात, आणि सरासरीऐवजी सर्वांत संथ धावांकडे पाहावे. प्रत्येक मार्ग-क्वेरीला डेटाबेस-व्यवहाराची (ट्रान्झॅक्शनची) कालमर्यादा लावावी, आणि मर्यादा ओलांडलेल्या क्वेरीची सुरुवातीची व शेवटची टोके लॉगमध्ये नोंदवावीत. पुढच्या चाचणीसाठी लागणाऱ्या अवघड जोड्या त्या नोंदींतूनच मिळतात.